बेस, प्लेट आणि उखळ

नवी मुंबईत ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये किंवा महाप्याच्या मिलेनियम बिझनेस पार्कात माणसं दिवसभर एकमेकांशी ‘टच बेस’ करत असतात. खर्चाचा ‘बॉलपार्क’ आकडा मागतात. कोणी अंग चोरून बसला, तर साहेब त्याला ‘स्टेप अप टू द प्लेट’ म्हणतात. जेवणाची सुट्टी जवळ आली असेल तर तो बिचारा डबा घेऊन उठतोही. हा बेस, हा पार्क आणि ही प्लेट, तिन्ही अमेरिकेच्या बेसबॉलमधली. ऐरोलीपासून खारघरपर्यंत बेसबॉलचा डाव रंगलेला मी तरी पाहिला नाही. पण कोणाचं काही अडत नाही. अर्थ समजल्यासारखा वाटतो, आणि ऑफिसात तेवढं पुरतं.

क्रिकेटचं तसं नाही. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २००८ साली पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना झाला. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक उचलला, तोही तिथेच. त्यामुळे ‘स्टम्प्ड’ किंवा ‘बोल्ड ओव्हर’ इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला भाजीवालीसुद्धा ‘ताई, गुगली नका टाकू’ म्हणते. अपवाद ‘स्टिकी विकेट’चा. पावसानंतर उन्हात सुकत जाणारी, चेंडू वाटेल तसा उडवणारी ती खेळपट्टी. हल्ली ढग दाटले की मैदानावरची माणसं आच्छादन घेऊन धावतात, म्हणून आजच्या खेळाडूंनाही तिचा अनुभव नाही. वाक्प्रचार मात्र ठणठणीत आहे.

खरी गंमत फळांची. महाप्याच्या मीटिंगमध्ये कोणी सफरचंद आणि संत्र्याची तुलना केली, म्हणजे ‘ॲपल्स अँड ऑरेंजेस’ केलं, की ती घोडचूक ठरते. तिथून थोड्याच अंतरावर वाशीच्या एपीएमसीत, फळबाजारात, पहाटेपासून दुसरं काय चाललेलं असतं? हिमाचलचं सफरचंद आज काय भावानं, नागपूरचं संत्रं काय भावानं, आणि संध्याकाळपर्यंत आपल्या गाडीवर कोणतं खपेल? ही तुलना ज्याला जमत नाही, त्यानं फळांच्या धंद्यात पडू नये.

‘लो हँगिंग फ्रूट’ म्हणजे बैठकीत आयतं पदरात पडणारं काम. देवगड-रत्नागिरीकडून येऊन इथे स्थिरावलेल्या कोणालाही विचारा. हाताला लागणारे आंबे वाटसरू आणि गावची पोरं कैरीतच संपवतात. पेटीत भरायचा हापूस वर असतो. त्यासाठी झेला हातात घ्यावा लागतो, नाहीतर झाडावर चढावं लागतं. खाली लोंबणाऱ्या फळांवर वर्षाचा हिशेब मांडणारा माणूस कोकणात बागायतदार होणार नाही. आपल्याकडे तो मॅनेजर होतो.

कुत्र्यामांजरांचा पाऊस तर शाळेपासून आपल्या मागे लागला आहे. जोनाथन स्विफ्टनं १७३८ साली तो छापील पुस्तकात पाडला. हे प्राणी आभाळात गेले कसे, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी पाण्यातून चालत घरी पोचलेल्यांपैकी कोणी कुत्र्यामांजरांचं नाव काढल्याचं मला आठवत नाही. कोणी ढगफुटी म्हणालं, कोणी मुसळधार. उरलेल्यांनी जे म्हटलं ते छापण्याजोगं नाही.

मुसळधार म्हणताना तरी आपण मुसळ कुठे पाहिलेलं असतं? सिडको १९७० साली स्थापन झाली आणि खाडीकाठच्या गावांभोवती हे आखीव शहर उभं राहिलं. त्याच्या फ्लॅटांमध्ये गॅसचा ओटा आला, मिक्सरसाठी प्लग आला. उखळाची जागा कोणत्याच आराखड्यात नव्हती. लग्नात घाणा भरण्यापुरतं उखळ-मुसळ दिसतं, पण अनेकदा तेही हॉलवाल्याचं असतं. सीवूड्सच्या पोराला ‘उखळ पांढरं होणं’ आणि ‘टच बेस’ सारखेच परके. शिंकं त्याला सर्दीतलं वाटतं. तो दोन्ही भाषांतले अर्थ पाठ करतो, वाक्यात उपयोग करतो, पैकीच्या पैकी गुण आणतो. आईबाप इंग्रजीच्या गुणांवर खूश होतात आणि मराठीचे गुण गृहीत धरतात. माझ्या मते इथे त्यांचा हिशेब चुकतो. बेसबॉल त्याला मोबाइलवर कधीही दिसेल, उखळ कोण दाखवणार?

गावच्या घरी एखादं पडलेलं असेल, तर मेच्या सुट्टीत पोरांना त्यात मूठभर तांदूळ कांडू द्या. पिठानं पांढरं झालेलं उखळ म्हणजे भरलेलं घर, हे मग वेगळं सांगावं लागणार नाही. नवी मुंबईलाच आणायचा बेत असेल, तर खालच्या मजल्यावरच्यांना आधी कल्पना देऊन ठेवा.