पोळ्याचं आवतन

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात, पळसाच्या पानांनी शेकतात आणि त्यांना सांगतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' आवतन असतं बैलांना. मनावर घेतो मी.

घाटंजीकडे माझं आजोळ. आमच्याकडची पुरणपोळी नात्यानं पुण्याकडच्या पोळीची बहीण खरी, पण बांधा वेगळा. पीठ नावापुरतं, पुरण गच्च, आणि तव्यावरून उतरली की तुपात आंघोळ. दोनात माझं पोट भरतं. तिसरी मी मागत नाही; ती येते. नको म्हणून ताटावर हात आडवा धरावा, तर मामी हातावरच वाढायला निघते आणि विचारते, "काहून, बरं नाई का?" या प्रश्नाला तोंडानं उत्तर देता येत नाही. म्हणजे तोंडानंच द्यावं लागतं, पण बोलून नाही.

पोळ्याच्या दिवशी अंगणात मामा बैलाला पोळी भरवतात. घरातलं एखादं पोर कौतुकानं आणखी दोन-चार पोळ्या घेऊन धावलं, की मामा त्याचा हात धरतात. "नको देऊ, पोट फुगन त्याचं." आणि खरंच आहे ते. सवय नसताना धान्य, गोडधोड जास्त गेलं की बैलाच्या पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतं आणि सणासुदीला डॉक्टर शोधत फिरावं लागतं. म्हणून बैलाला दोन. भाच्याला पाच.

मामीला तरी दोष कसा द्यावा? तिच्या तरुणपणी कोरडवाहू कापसाच्या त्या गावात गोडाचे दिवस बोटांवर मोजण्याइतके. त्या दिवशी खाल्लेलं पुढे डवऱ्यामागे, निंदणात जिरून जायचं. मामा अजूनही शेतात पायी जातात. मी कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर स्कूटरनं जातो. जेवण वारशानं आलं, शेत तिकडेच राहिलं.

उपाय केले. वाग्भटानं पोटाचे चार भाग सांगितलेत: दोन अन्नाचे, एक पाण्याचा आणि एक वाऱ्यासाठी मोकळा. माझ्या या चौथ्या प्लॉटवर भज्यांचं जुनं अतिक्रमण आहे. मग नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर पोचवला, की दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवा. मला त्यातलं '५५ मिनिटं' तेवढं स्पष्ट ऐकू आलं. चाळिसाव्या मिनिटाला पोट भरलं, तरी हातची पंधरा मिनिटं वाया घालवणं जिवावर येई. पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात म्हणे. मामीची पोळी चुलीपासून ताटात वीस सेकंदांत येते. ही शर्यत मेंदू कशी जिंकणार?

यवतमाळच्या घरी तर मामीही नसते. रात्री अकराला चिवड्याच्या डब्याचं झाकण वाजतं आणि उघडणारा हात माझाच असतो. अलीकडे मी त्या हाताला एक प्रश्न विचारतो: सकाळची ज्वारीची भाकर आणि झुणका उरलाय, खातोस? हो म्हणाला तर भूक खरी, खुशाल खावं. नाही म्हणाला तर दुखणं दुसरंच आहे. बहुतेक वेळा ते विजेचं बिल असतं, नाहीतर दुपारी कुणाला तरी द्यायचं राहून गेलेलं उत्तर. चिवड्यानं यातलं काही मिटत नाही, हे डबा अर्धा झाल्यावर कळण्यापेक्षा झाकण उघडायच्या आत कळलेलं बरं. आठवड्यातून तीनदा तरी झाकण परत लागतं. बाकीच्या चार रात्रींचं विचारू नका.

यंदा पोळ्याला मी धीर केला. तिसरी पोळी येताना दिसताच मामांच्याच आवाजात म्हणालो, "नको देऊ मामी, पोट फुगन त्याचं." पंगत हसली. मामीही पदर तोंडाला लावून हसली. "बरं बापा, मंग अर्धीच घे," म्हणाली आणि मोडून अर्धी वाढली. मी ती उचलली, तर खाली दुसरी अर्धी होती.