रा. रा. सबवूफर यांच्या सेवेशी

राजमान्य राजेश्री सबवूफर,
मुक्काम टीव्हीच्या शोकेसचा खालचा कप्पा, दुसरा मजला, लालबाग.

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपले मालक आपल्यावर नाराज असल्याचं समजलं. लॅमिंग्टन रोडवरून टॅक्सीत मांडीवर घेऊन आणलेला हा डबा घरी आल्यापासून बेसच देत नाही, असं ते गॅलरीतून येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगतात. दुकानात म्हणे आपण काउंटरची काच थरथरवत होता. शिवाय खोक्यावर पीएमपीओपुढे पाच आकडी वॉट छापले होते! पीएमपीओ मोजण्याची सर्वमान्य पद्धत कुठेच नाही, त्यामुळे छापणाऱ्याला परवडतील तितकी शून्यं देता येतात, हे मालकांना कोणी सांगितलं नाही. सलग झेपणाऱ्या खऱ्या ताकदीचा, म्हणजे आरएमएसचा, आकडा आपल्या पाठीवरच्या लेबलवर आहे, मुंगीच्या अक्षरांत. तो वाचायला आपल्याला शोकेसमधून बाहेर काढावं लागतं, आणि तेवढं केलं असतं तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला असता.

मालकांचीही बाजू समजून घ्यायला हवी. ज्या गल्लीत 1934 पासून गणपतीचे दहा दिवस रस्ता माणसांनी भरतो, तिथे बेस म्हणजे काय याची व्याख्या लहानपणीच ठरते. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीत 18 इंची स्पीकर रचलेले असतात. आपला घेर साडेसहा इंचांचा. अशा एकाच स्पीकरच्या पडद्याचं क्षेत्रफळ आपल्या जवळपास आठपट, आणि तिथे ते डझनांनी असतात. तरी मालकांनी ‘झिंगाट’ लावलं की छातीत दणका बसलाच पाहिजे. वॉट दुप्पट केले तरी आवाज जेमतेम 3 डेसिबलने वाढतो, हे गणित त्यांना अन्यायकारक वाटतं.

म्हणून ते आता मोठा डबा घ्यायच्या विचारात आहेत. आपली बदली टळावी, एवढ्याचसाठी हा पत्रप्रपंच.

खरा आरोपी आपण नसून खोली आहे. उदाहरणार्थ मालकांच्या मेहुण्यांची डिलाइल रोडच्या बीडीडी चाळीतली खोली घ्या. या चाळी 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. खोली 160 चौरस फुटांची. ती दहा फूट बाय सोळा फूट धरू. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. या हिशेबाने लांबीच्या दोन भिंतींमध्ये साधारण 35 हर्ट्झचा सूर अडकून घुमतो आणि रुंदीच्या दोन भिंतींमध्ये 56 चा. गंमत अशी, की हे दोन्ही सूर भिंतींपाशी सगळ्यात दांडगे असतात आणि खोलीच्या बरोब्बर मध्यावर जवळजवळ नाहीसे होतात. मध्यावर काय असतं? पंखा. पंख्याखाली काय असतं? मेहुण्यांची प्लॅस्टिकची खुर्ची.

मेहुणे खुर्चीत बसून रिमोटने आपल्या भाऊबंदाचा आवाज वाढवतात. मागच्या भिंतीला लागून खाटेवर पडलेल्या आजी तो कमी करायला सांगतात. दोघांचंही बरोबर असतं.

यावर उपाय फुकटचा आहे, फक्त लाज सोडावी लागते. सबवूफर उचलून खुर्चीत बसवायचा, ठेका सलग चालणारं एखादं गाणं लावायचं आणि स्वतः भिंतीकडेने रांगायचं. जिथे बेस स्वच्छ आणि भरलेला ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. जगभरचे शौकीन हे करतात. पण त्यांच्या दिवाणखान्यात रांगायला जमीन असते. इथे खाटेखालून, शिलाई मशीनच्या पायट्याला वळसा घालून, गॅसच्या सिलिंडरपर्यंत जायचं. आणि उत्तम जागा सापडते ती नेमकी देव्हाऱ्याखाली. पुढच्या वाटाघाटी घरातल्या घरात झालेल्या बऱ्या. त्या फिसकटल्या तर खुर्ची हातभर मागे सरकवावी. पंखा सुटेल, पण ढोल सापडेल.

शोकेसचा कप्पा मात्र सोडाच. तीन बाजूंनी प्लायवूड, वर विणलेला रुमाल, त्यावर फ्रेम. कप्पा स्वतःच घुमतो आणि आपलं म्हणणं पुढे जाऊ देत नाही. पाठीला हवेचं भोक असेल तर भिंतीपासून वीतभर तरी सुटं उभं राहू द्यावं. कोपऱ्यात ठेवलं की आवाज वाढतो हे खरं, पण कधीकधी सगळ्या गाण्यांना एकच सूर येतो. मांडणीवरची ताटं आणि गोदरेजच्या कपाटावरच्या बॅगांच्या कड्या वाजायला लागतात. या खडखडाटालाच बेस समजून खूश होणारी घरं लालबाग-परळमध्ये थोडीथोडकी नसावीत. कड्यांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे खोचले की कळतं, आपण नक्की किती वाजत होता.

रिमोटच्या मेनूत क्रॉसओव्हर नावाची, खालचे सूर आपल्याकडे आणि वरचे बाकीच्या स्पीकरांकडे वाटून देणारी एक जागा आहे, तिथे मालक कधी गेलेले नाहीत. 80 हर्ट्झ हा थिएटरवाल्यांचा लाडका आकडा. पण आपल्याबरोबर आलेले पाच स्पीकर मुठीएवढे आहेत. त्यांना 80 पर्यंत खाली उतरता येत नाही आणि आपल्याला वर यायची परवानगी नाही. मधली पोकळी कोण भरणार? ढोल-ताशा पथकाच्या व्हिडिओत टिपरू खणखणीत ऐकू येतं आणि टोल हरवतो, तो याच फटीत. क्रॉसओव्हर 120 किंवा 150 वर नेऊन पाहावा.

रात्रीचं दुखणं वेगळं. आवाज कमी केला की बेस आधी गायब होतो, कारण हळू आवाजात माणसाचा कान खालचे सूर कमीच ऐकतो; फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच हे मोजून ठेवलं. ‘लाउडनेस’चं बटण त्यासाठी असतं. मालक मात्र त्यासाठी मोठा नॉब फिरवतात. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी रात्री दहानंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे, पण ती मोजणारा मीटर कानाच्या हिशेबाने चालतो आणि 50 हर्ट्झच्या सुरातून तब्बल 30 डेसिबल वजा करतो. कागदोपत्री आपण निर्दोष सुटाल. खालच्या काकूंकडे असली वजाबाकी नाही. त्यांचं छत म्हणजेच आपली जमीन. गिरगावातल्या लाकडी तुळयांच्या चाळींत तर आपण वाजवता ते त्यांच्या डोक्यावरच. डब्याखाली जाड रबर किंवा दाट फोम घातला तर निदान तुळईतून जाणारा भाग थोडा कमी होईल.

छताचा विषय निघालाच आहे, तर 1974 साली ‘अर्थक्वेक’ सिनेमासाठी हॉलिवूडच्या चायनीज थिएटरात एवढे मोठे सबवूफर लावले होते, की पोपडे प्रेक्षकांच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून छताखाली जाळी बांधावी लागली. आपल्या इमारतीत पोपडे पडायला आपली गरज लागत नाही, हा भाग निराळा.

मेहुण्यांना आता पुनर्विकासाची आशा आहे. वरळीच्या बीडीडी चाळींत ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तिथे हॉल वेगळा, म्हणजे लांबी-रुंदी वेगळी, म्हणजे अडकणारे सूरही वेगळे. रांगणं पुन्हा पहिल्यापासून.

कळावे, लोभ असावा.

ता. क. आपल्या पाठीवर 0 आणि 180 असं लिहिलेला फेजचा छोटा स्विच असेल, तर एकाने नेहमीच्या जागी बसावं आणि दुसऱ्याने तो इकडून तिकडे करावा. ज्या बाजूला बेस भरून येईल तिथे सोडून द्यावा. मालक हे एकट्याने करू पाहतात आणि स्विचपासून खुर्चीपर्यंत येईस्तोवर आधीचा आवाज कसा होता ते विसरतात. रविवारी मेहुण्यांना बोलवा म्हणावं, दुपारी काकू देवळात गेल्या की.