फक्त एक नजर टाका

‘ताई, फार काही नाही, फक्त एक नजर टाका.’ मुद्रितशोधनाच्या कामात मला सर्वांत जास्त त्रास देणारं वाक्य हे आहे. नजर टाकून चूक सापडत नाही. वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नसतो, तो उड्या मारत जातो आणि मधलं मन आपल्या ओळखीनं भरून काढतं. म्हणूनच चांगल्या वाचकाला चुका कमी दिसतात. प्रूफ वाचायचं म्हणजे ही चांगली सवय रोखून धरायची आणि अक्षरा-अक्षरावर थांबायचं. एवढं सांगितल्यावरही समोरून उत्तर येतं, ‘हो, पण तुम्हाला सवय आहे ना, तुमचं पटकन होईल.’

या कामानं मला काही नियम शिकवले आणि ते मी कसोशीनं पाळते. शीर्षक, लेखकाचं नाव आणि आकडे मजकुराच्या ओघात तपासायचे नाहीत; सगळं झाल्यावर ते वेगळे काढून वाचायचे, कारण मोठ्या टायपातली चूक सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून निसटते. एक चूक सापडली की तीच ओळ पुन्हा वाचायची. सापडल्याच्या समाधानात शेजारची चूक हमखास सुटते. रात्रीच्या जेवणानंतर प्रूफ हातात घ्यायचं नाही. स्वतः लिहिलेल्या मजकुराचं शेवटचं वाचन स्वतः करायचं नाही. या नियमांनी मी सुखात जगू शकले असते. पण नियम पाळणारी मी एकटी, आणि काम पाठवणारे अनेक.

त्यातच रोज सकाळी कोणी ना कोणी मला यशाचे नियम पाठवतं. एकवीस दिवसांत सवय लागते, हा त्यातला सर्वांत लाडका. तो आला मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकातून. त्यानं लिहिलं होतं ते एवढंच, की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस तरी लागतात. ‘किमान’ वाटेत कुठेतरी गळून पडलं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या रोजच्या सवयी घेऊन हे तपासलं, तेव्हा 18 पासून 254 दिवसांपर्यंतची तफावत निघाली आणि मधला आकडा आला 66. हे मी एकदा उत्तरादाखल लिहून पाठवलं. त्यावर हात जोडल्याचं चित्र आलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच एकवीस दिवसांचा नियम. न तपासलेला आकडा पुढे ढकलणं मला अजूनही खटकतं.

सगळेच नियम वाईट आहेत असं नाही. फ्रान्चेस्को चिरिल्लोची पंचवीस मिनिटं सलग काम करून थोडं थांबायची पद्धत मी वापरते. प्रूफाला ती छान लागू पडते, कारण लक्ष तेवढंच टिकतं. फोन मात्र त्या पंचवीस मिनिटांच्या मध्येच वाजतो. डेव्हिड ॲलनचा दोन मिनिटांचा नियमही शहाणा आहे: दोन मिनिटांत होणारं काम लगेच उरकून टाका. पण लोक तो कसा पाळतात? फाइल मला धाडून देतात, सोबत एक अक्षरही लिहीत नाहीत आणि आपलं काम उरकलं असं मानतात. किती पानं, कशासाठी, कधी हवीत, हे शोधायचं काम माझ्याकडे येतं. त्यांची दोन मिनिटं वाचतात, माझा अर्धा दिवस जातो. ‘मोकळ्या आहात का?’ एवढाच निरोप पाठवून गप्प बसणारे तर मला मुळीच समजत नाहीत. काम काय ते पहिल्याच ओळीत लिहिलं, तर मी मोकळी आहे की नाही हे मला ठरवता तरी येईल.

दिवाळी अंकांच्या दिवसांत हे सगळं एकदम अंगावर येतं. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही आपली मोठी हौस आहे आणि मला तिचा मनापासून अभिमान आहे. पण दिवाळी कधी येणार हे पंचांगात आधीच छापलेलं असतं. दसरा ते लक्ष्मीपूजन जेमतेम वीस दिवसांचं अंतर. त्यातच अंक छापून, बांधून दुकानात जायला हवा. तरी निम्मा मजकूर माझ्याकडे दसऱ्याच्या सुमारास येतो. काम मिळालेल्या वेळेपुरतं फुगत जातं, असं पार्किन्सननं 1955 मध्ये लिहिलं. इथे फुगतो तो लेखकाचा वेळ, आणि कापला जातो तो वाचणाऱ्याचा.

फाइलींची नावं पाहा: ‘फायनल’, मग ‘फायनल नवीन’, मग ‘फायनल नवीन ताईंना’. तिसऱ्या फाइलीत लेखकानं दोन परिच्छेद बदललेले असतात, पण कोणते ते कुठेही लिहिलेलं नसतं. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचा. त्यात मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेला असला तर विचारूच नका. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचं बरोबर उलटं. रूपांतरात गोंधळ झाला की ‘स्थिती’ची वेलांटी भलत्याच अक्षरावर चढते आणि ‘मूर्ती’चा रफार शेजारी जातो. हे निस्तरायला खऱ्या वाचनापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि मानधन मात्र पानावरच ठरलेलं असतं.

इतकं करून प्रूफ परत पाठवावं, तर एखादे लेखक ‘आणी’ असं दीर्घ लिहिलेलं तसंच ठेवायला सांगतात. कारण काय, तर ती त्यांची शैली. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम 1962 मध्ये आले, 1972 मध्ये आणखी चार जोडले गेले. अठराच नियम आहेत. मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ, पण ‘आणि’ ऱ्हस्व, हे त्यात स्पष्ट सांगितलेलं आहे. त्या नियमांवर वाद घालायला माझी हरकत नाही. मलाही काही पटत नाहीत. पण एका अंकात एकच पद्धत हवी. वाचकानं पैसे मोजलेले असतात.

स्वच्छ वाचून झालेलं पान हातावेगळं करताना जो आनंद होतो, तो मला दुसऱ्या कशात मिळत नाही. त्यासाठी मला पहाटे पाचला उठायची गरज पडलेली नाही. गरज आहे ती पानांची संख्या, तारीख, फॉन्ट आणि मानधन एवढं एका निरोपात कळवणाऱ्या माणसांची. आणि अंक निघाला की एक प्रत द्या. चूक राहिली असली तर फोन लगेच येतो, पण प्रत येत नाही. पानामागे ज्यांचं नाव छापत नाहीत त्यांना प्रत पाठवायचं कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि मी वाचलेला अंक मलाच दुकानात जाऊन विकत घ्यावा लागतो.