भाऊजींचे 38 टक्के

"अहो काकू, सांडगे मग उचला, आधी इकडे या. आमच्या भाऊजींचं कार्ड आलं. पांढरं!"

"पांढरं? म्हणजे श्रीमंताचं की गं!"

"रेशनकार्ड नव्हे हो, दिव्यांगाचं. चाळिसाच्या आत पांढरं, पुढे पिवळं, ऐंशीपासून निळं. भाऊजींना 38 टक्के."

"अगं, तो माणूस जिना बसून उतरतो!"

"ऐका तर. बोर्डाला जायच्या दिवशी पहाटे उठून दाढी, इस्त्रीचा शर्ट, लग्नातले बूट. डॉक्टर म्हणाले, चालून दाखवा. दारात बायकांची ही रांग! भाऊजी दातओठ खाऊन ताठ गेले टेबलापर्यंत. परत येताना भिंत धरली, पण तोवर डॉक्टरांची मान खाली, कागदावर. आता गुडघा किती वाकतो तेही मोजलं म्हणा. तरी मला वाटतं, ते दोन टक्के बुटांनीच खाल्ले."

"दोनाने असं काय बिघडतं?"

"सगळंच! एसटीचं पाऊण भाडं माफ होतं ते नाही, संजय गांधी योजनेचा महिन्याचा पगार नाही. 2016 ला नवा कायदा आला, अपंगत्वाचे सातावरून 21 प्रकार झाले, पण चाळिसाचा उंबरा काही हलला नाही. आणि पगाराचे दीड हजारांचे अडीच हजार झाले, तेव्हाच नेमकं हे!"

"आणि तो शिवणवाल्या मावशींचा धाकटा? त्याचं तर पिवळं आहे."

"साठ टक्के. पण त्या पगाराला घरचं उत्पन्न वर्षाला 50,000 च्या आत लागतं ना. म्हणजे महिन्याला चार हजार नि वर थोडी चिल्लर. त्यात आमचं दूध नि गॅससुद्धा भागायचं नाही. थोरला कंपनीत लागला, घरात पेढे वाटले, आणि उत्पन्नाच्या दाखल्याला विचारलं, भाऊ एकत्रच राहतो ना?"

"अगं बाई! म्हणून त्यांनी रेशनकार्ड वेगळं केलं होय? मी आपली सगळ्यांना सांगत सुटले, जावाजावांचं वाजलं म्हणून!"

"वाजतंय कसलं, चूल अजून एकच आहे. काल आमटीचा वास एकाच खिडकीतून येत होता."

"बरं, भाऊजींचं पुढे काय?"

"अपील करता येतं. मी म्हटलं, भाऊजी, या वेळी घरात टाकता तसाच पाय टाका. तर माझ्यावरच खेकसले, मी काय नाटक करू?"

"नाटक तर मागच्या वेळी केलंन की!"

"हळू हो काकू, तेच येताहेत. बघा, बघा. तुम्हाला पाहिलं नि काठी फाटकाआड ठेवली."