आत्याचा मानपान आणि लॉगची फाइल

रात्री पावणेतीनला फोन वाजला की आमच्या घरी दोनच शक्यता धरतात : कुणीतरी गेलं, नाहीतर सर्व्हर गेला. बायको डोळेही न उघडता विचारते, "माणूस की मशीन?" त्या रात्री मशीन होतं.

डिस्क १०० टक्के भरली होती. शोधलं, तर लॉगच्या एकट्या फाइलने ७१ जीबी अडवलेले. आत काय, तर एकच वाक्य : 'अमुक सेटिंग जुनी झाली, बदला.' सेकंदाला शंभरदा. माझी आत्या लग्नातला राहिलेला मानपान असाच सांगते. फरक एवढाच, की तिला मध्ये चहा लागतो.

लॉग म्हणजे मुळात ओंडका. जहाजाचा वेग मोजायला दोरी बांधलेला लाकडाचा तुकडा समुद्रात टाकत. त्याच्या नोंदींची वही ती लॉगबुक, आणि तिथून हा शब्द आमच्यापर्यंत आला. आमचा ओंडका मात्र जहाजच बुडवायला निघाला होता.

मी अर्धवट झोपेत फाइल उडवून टाकली आणि डिस्क पाहिली. १०० टक्के! लिनक्समध्ये फाइल पुसली तरी ती उघडून बसलेला प्रोग्राम जोवर तिला सोडत नाही, तोवर जागा सुटत नाही. दारावरची पाटी मी काढली होती. भाडेकरू आतच होता. सर्व्हिस रीस्टार्ट केली तेव्हा कुठे तो निघाला.

सकाळी साहेबांनी शांतपणे विचारलं, "हे कधीपासून चाललं होतं? लॉगमध्ये बघून सांगा."

लॉगमध्ये!

मग मी जुने लॉग पाळीपाळीने बाहेर काढणारं लॉगरोटेट नीट लावायला बसलो. ते पाहताना लक्षात आलं, की ही पद्धत आमच्या आईने फार आधी राबवली होती. दादाचा शर्ट मला, माझा धाकट्याला, धाकट्याचा झाला की पायपुसणं, आणि त्यानंतर तो कुठे जातो हे कुणी विचारायचं नाही. इथेही तेच. आजची फाइल उद्या एक नंबरची, परवा दोन नंबरची. रांगेत शेवटची असेल ती घराबाहेर. जुन्या फाइली दाबून लहान करायच्या, पण कालची लगेच नाही, कारण प्रोग्राम कदाचित अजून तिच्यातच लिहीत असतो. दादाच्या अंगात असताना शर्ट पिळू नये. आणि नवा शर्ट आणला की दादाला तसं सांगावंही लागतं. नाहीतर तो जुनाच घालून हिंडतो. प्रोग्रामचंही अगदी तसंच.

मी 'रोज' आणि 'रोटेट १४' असं लिहून मोकळा झालो. साहेब म्हणाले, "चौदाच दिवस? सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी सर्ट-इनचे एप्रिल २०२२ चे निर्देश वाचलेत का? १८० दिवसांचे लॉग ठेवायचे असतात." चौदाचे एकशे ऐंशी केले. जागेची धास्ती होती. पण तेच ते वाक्य दाबलं की अगदी चिमुकलं होतं. आत्याची तक्रारही अशी दाबली, तर पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात मावेल.

सगळं जमल्यावर चहा पिताना मनात आलं, तो प्रोग्राम एवढं कळवळून काय सांगत होता? 'सेटिंग बदला.' बदलली. एक ओळ, दोन मिनिटं. लॉग गप्प झाला. त्याच्या बोलण्याला कपाट करून द्यायला मी दोन दिवस घालवले होते. बोलणं ऐकायचं मात्र राहिलं होतं.

तेवढ्या शहाणपणाच्या जोरावर पुढच्या लग्नात मी सर्वांत आधी आत्याला साडी नेसवली. तिने पदर चाचपला, समाधानाने मान हलवली आणि शेजारणीला म्हणाली, "माझ्या थोरल्या जावेला ८७ साली अशीच दिली होती, मला नाही."

तिथे रोटेशन नाही.