साइटिंगभाऊ

मोहर्ली, कोलारा, नवेगाव, आगरझरी. ताडोब्याचं कुठलंही गेट घ्या, पहाटेच्या अंधारात जिप्सींच्या रांगेजवळ हे गृहस्थ उभे दिसतील. अंगात गणवेश, गळ्यात दुर्बीण, पायात साळ्याच्या लग्नात मिळालेले बूट आणि तोंडात खर्रा. पाहुणे आले की खर्रा थुंकून टाकायचा आणि ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणायचं. वनखात्याच्या लेखी हे गाइड. गावात त्यांना सगळे साइटिंगभाऊ म्हणतात.

भाऊंचं आणि इंग्रजीचं शाळेत कधी पटलं नाही. दहावीला तिनं त्यांना कसंबसं पस्तीसवर सोडलं आणि दोघांनीही सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे ती जिप्सीत बसून परत येईल, असं तेव्हा कोणाला वाटलं होतं? गाइडचं प्रशिक्षण झालं, पक्ष्यांची नावं पाठ झाली. पण ज्या शब्दावर घर चालतं, तो कोणी शिकवला नाही. भाऊंनी एवढंच पाहिलं, की परतणाऱ्या जिप्सीला सगळे एकच विचारतात, “साइटिंग?” उत्तर ‘हो’ असलं तर उतरताना पाहुण्यांचा हात खिशाकडे जातो. ‘नाही’ असलं तर घड्याळाकडे. अर्थ समजायला भाऊंना मग शब्दकोश लागला नाही.

अर्थ कळला, तरी व्याकरण बाकी होतं. साइटिंग झाला, झाली की झालं? गेटवर यावर बराच खल होतो. भाऊंनी सोपा नियम केला आहे: वाघ दिसला तर झाला, वाघीण दिसली तर झाली, आणि गवतात नुसतं काहीतरी हललं तर झालं. क्रियापदांचंही तसंच. साइटिंग होते, मिळते, हुकते. पण सर्वांत मानाचा प्रयोग ‘देते’. “काल वाघिणीनं मस्त साइटिंग दिली सर,” असं भाऊ सांगतात, तेव्हा वाटावं, मंत्रिमहोदयांनी शिष्टमंडळाला वेळ दिली. पुढे प्रतवारी. वाघ समोरून चालत आला तर ‘हेड-ऑन’, रस्ता ओलांडला तर ‘क्रॉसिंग’, पाठ करून झोपला असेल तरी साइटिंग ती साइटिंगच. एकदा बांबूच्या बेटाबाहेर फक्त शेपूट होतं. जिप्सीतले सहाच्या सहा पाहुणे हिरमुसले. भाऊ म्हणाले, “शेपूट कोनाचं हाय, ते पाहा ना सर!”

‘कॉल’ हा त्यांचा दुसरा लाडका शब्द. चितळ ओरडलं, वानर खाकरलं, की भाऊ हात वर करून जिप्सी थांबवतात. “कॉल आहे.” पुण्याच्या एका काकांनी तत्परतेनं सगळे खिसे चाचपले. मोबाईल तर गेटवर जमा केलेला! त्यांना धोक्याचा इशारा म्हणजे काय ते समजावून होईपर्यंत चितळ गप्प झालं आणि वाघ, असलाच तर, निघून गेला.

भाऊंच्या बोलण्यात झाडांचीही बारशी झाली आहेत. त्यांच्या बापानं जन्मभर ज्याला ऐन म्हटलं, ते आता ‘क्रोकोडाइल बार्क’. पांढऱ्याफटक खोडाचा कांडोळ ‘घोस्ट ट्री’. इंग्रजीत रानकुत्र्याला ‘ढोल’ म्हणतात हे मात्र त्यांना अजून पटलेलं नाही. “वाजवत तर नाही जी तो काही!”

गेटवरचा शब्द गेटवर थांबत नाही. 1955 साली ताडोबा आजच्या महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा गावाला त्यातलं फारसं इंग्रजी लागलं नव्हतं. 2010 साली मात्र सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या कोअरभोवती अकराशेच्या वर चौरस किलोमीटरचा बफर आखला गेला, त्यात गावंच्या गावं आली आणि भाऊंची भाषा घराघरात शिरली. तलाठी साहेब कार्यालयात सापडत नाहीत. भाऊ सांगतात, “कोअरमध्ये त्यायची साइटिंग नाही. बफरमध्ये पाहा, चहाच्या टपरीवर.” चिमूरच्या एसटीचा हॉर्न वळणापलीकडून ऐकू येतो आणि बस काही येत नाही. “कॉल पक्का हाय, साइटिंगचं सांगता येत नाही.” पुतणीला पाहायला पाहुणे आले, तेव्हाही भाऊ चुलीजवळ जाऊन ‘हेड-ऑन देजो’ म्हणाले आणि वहिनीचं लाटणं थोडक्यात हुकलं.

गडचिरोलीत, सासुरवाडीला, मात्र या भाषेचा निभाव लागत नाही. जेवताना भाऊ सहज म्हणाले, “आमच्याकडे सध्या मूव्हमेंट जोरात हाय.” सासऱ्यांचा घास हातातच राहिला. या जिल्ह्यानं तो शब्द पोलिसांच्या आणि नक्षली दलमच्या तोंडून ऐकत वर्षं काढली. “कोनाची?” त्यांनी हळूच विचारलं. वाघिणीची, हे कळल्यावर ते निवांत वरण वाढून घेऊ लागले. साळा आणखी वस्ताद. 2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला आणि धानाची चव त्याला आवडली. भाऊंनी उत्साहानं विचारलं, “मंग, साइटिंग चांगली असंल?” साळा म्हणाला, “आमच्याकडे साइटिंग नाही भाऊजी, डायरेक्ट एंट्री हाय.”

तरी भाऊंची खरी परीक्षा घरातच झाली. उन्हाळ्यात पाणी आटतं, वाघ पाणवठ्यावर येऊन बसतो आणि साइटिंगचा भाव वाढतो. नेमक्या त्याच दिवसांत बाया पहाटे मोहफुलं वेचायला जातात आणि मे महिन्यात तेंदूपानं तोडायला. वाकून वेचणाऱ्या बाईला समोरचं दिसत नाही. आणि वाकलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही. एका सकाळी भाऊंची माय रिकामी टोपली घेऊन, धापा टाकत घरी आली. मोहाखाली वाघ होता. भाऊंच्या तोंडून सवयीनं गेलं, “माय, साइटिंग झाली?”

म्हातारीनं घोटभर पाणी पिलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “तुह्या पाहुन्यायची साइटिंग झाली त ते पैसे देते. आमची झाली त फारेस्टवाले देते. पन ते घ्याले आमी नसतो ना, बापू.”

भाऊ त्या दिवशी ड्युटीवर जरा उशिरा गेले. घरात तो शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही. बाहेर तोच पोटाला घालतो, त्यामुळे सोडवत नाही. मात्र पूर्वी कोणी ‘आज चान्स कितपत?’ विचारलं की ते न चुकता ‘फिफ्टी-फिफ्टी सर’ म्हणायचे. परवा नागपूरहून आलेल्या एका साहेबांना तेवढ्यानं भागेना. एवढं बुकिंग केलं, गाडी काढली, मुलांच्या शाळा बुडवल्या. साइटिंगची गॅरंटी काय ते सांगा.

भाऊंनी दुर्बीण गळ्यात नीट केली.

“गॅरंटी पायजे असंल त उद्या पहाटे माह्या मायसंगं मोहा वेचाले जा सर. तिकीट नाही, बुकिंग नाही. फक्त वाकून चाला.”