वर्गणीवहिनी

निमगाव केतकीला वर्गणीचं वावडं नाही. गणपती झाले की नवरात्र, ते उरकलं की सप्ताह, आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी मुक्कामाला आली की वारकऱ्यांचं जेवण. पावतीपुस्तक पोचलं नाही असं घर गावात शोधून सापडायचं नाही. तरी वर्षातला एक पंधरवडा मोकळा राहिला होता. एप्रिलअखेरचा. यात्रा झालेली, शाळा सकाळची, माणसं लग्नाच्या पत्रिका मोजत बसलेली. वर्गणीवहिनीनं तो बरोबर हेरला. आता त्या पंधरवड्यात वर्गाच्या बाईंच्या गिफ्टची वर्गणी निघते.

वर्गणीवहिनी ही कुणी एक बाई नव्हे. बारामतीच्या इंग्रजी शाळेत ती स्कूटीवरून येते आणि सगळ्यांना ‘डिअर पेरेंट्स’ म्हणते. इंदापुरात ती साहेबांची मिसेस असते. आमच्याकडे ती पानमळेवाल्याच्या घरात आढळते आणि ‘द्या की ओ भाऊजी’ म्हणते. पद तिला कुठलंच नाही. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं निदान पाऊण हिस्सा सदस्य पालक लागतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. पण वहिनी समितीत नाही. समिती मात्र तिला विचारल्याशिवाय चहा सांगत नाही.

तिचं काम सुरू होतं ते मागच्या वर्षीच्या वर्गानं काय दिलं, या चौकशीपासून. ते बहुधा भिंतीवरचं घड्याळ असतं. त्याच्या मागच्या वर्षीही घड्याळच असतं. त्यामुळे शाळेच्या प्रत्येक खोलीत घड्याळ आहे आणि प्रत्येक खोलीत वेगळी वेळ आहे. ‘घड्याळ सोडून बोला,’ असा वहिनीचा मेसेज ग्रुपवर पडला की चर्चेला तोंड फुटतं. कुणी साडी म्हणतं, कुणी समई, कुणी डिनर सेट. विठ्ठल-रखुमाईची मूर्ती दरवर्षी सुचवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांचं फोटोफ्रेमचं दुकान आहे. एक जण नुसताच अंगठा दाखवतो, तो कशाला ते शेवटपर्यंत कळत नाही.

साडीचा प्रस्ताव जोरात असला की वहिनी हेरगिरीवर उतरते. मुलीला सोडायच्या निमित्तानं रोज फाटकापर्यंत जायचं आणि बाईंच्या नेसणीची नोंद ठेवायची. एकदा तिनं पोरीलाच पढवून पाठवलं, ‘बाई, तुमचा आवडता रंग कोणता?’ बाईंची नोकरी मुरलेली. त्या म्हणाल्या, ‘तिरंग्यातले तिन्ही.’ साडी तिथंच बारगळली.

वहिनीचे सासरे, आबा, पानमळ्यातच म्हातारे झालेले. त्यांचं मत साधं. त्यांच्या वेळी गुरुजींना हुरड्याला बोलवायचे, गुऱ्हाळावरून गुळाची ढेप जायची, आणि शाळा सुटायच्या आधी खाऊच्या पानांची निवडक जुडी. फापडा नाही, कळीचं पान. आता डाळिंबाची एखादी पाटी द्यावी, विषय संपला. सून म्हणाली, ‘आबा, पानं फोटोत दिसत न्हाईत.’

या एका वाक्यात तिचं सगळं शास्त्र आहे. भेट बाईंना उपयोगी पडावी, ही अट तिच्या यादीत खूप खाली येते. आधी ती फोटोत दिसली पाहिजे. मग ती शेजारच्या तुकडीच्या भेटीपेक्षा मोठी दिसली पाहिजे. हे मी निंदा म्हणून सांगत नाही. बाईंच्या घरी आहेराच्या किती समया पडून आहेत, याची काळजी आपण तरी कधी केली?

वर्गणी माणशी शंभर रुपये. काही जण फोनपे करून लगेच स्क्रीनशॉट टाकतात, म्हणजे न दिलेल्यांना झोप लागत नाही. एक बाप म्हणतो, ‘रिझल्ट बघून देतो.’ वर्गातली चार-दोन पोरं ऊसतोडीच्या टोळ्यांची असतात. हंगामात कोपीवरून शाळेत यायची, कारखान्याचा पट्टा पडला की आई-बापांबरोबर गावी जायची. एप्रिलात ती हजर नसतात. त्यांच्याकडून वहिनी एक पैसा मागत नाही आणि यादीत मात्र त्यांची नावं पहिल्या कागदावर घालते. याबद्दल कुणी विचारलं तर म्हणते, ‘बाईंनी त्यांस्नीबी शिकवलंय न्हवं?’ त्यावर तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती होत नाही.

यंदा मात्र एका नोकरदार पालकानं नियम काढला. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना 1967 चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि भेटी घेण्यावर त्यात बंधनं आहेत. ग्रुपवर शांतता पसरली. वहिनीनं लिहिलं, ‘ही भेट नाही, प्रेम आहे.’ पालकानं लिहिलं, ‘प्रेम वर्गणी काढून होत नाही.’ भांडण हातघाईवर यायच्या बेताला बाईंचाच निरोप आला: मला काही नको, द्यायचंच असेल तर शाळेला द्या, पोरांना प्यायच्या पाण्याचं पिंप गळतंय.

झालं. स्टीलचं मोठं पिंप ठरलं. वहिनीचा चेहरा आधी पडला, मग उजळला, कारण पिंप फोटोत घड्याळापेक्षा कितीतरी मोठं दिसतं. शिवाय भांडं म्हटलं की त्यावर नाव घालणं आलंच. तिनं अख्ख्या वर्गाची नावं घालायची ठरवली. नाव घालणारा मशीन घेऊन बसला आणि दर अक्षरामागे पैसे असल्याचं त्यानं सांगितलं. यादी बघून वहिनीनं तिथल्या तिथं आडनावं उडवली. मग बापांची नावं गेली. मोठ्या नावाच्या पोरांच्या आया रुसल्या. टोळीतल्या पोरांची नावं तेवढी तिनं पुरी ठेवली, कारण म्हणे त्यांचे आई-बाप भांडायला यायचे नाहीत. स्वतःच्या पोरीचं नाव तिनं सगळ्यात खाली, तोटीच्या बरोबर वर घातलं. पाणी प्यायला वाकलेल्याला तेवढं एकच नाव वाचता येतं.

1 मेला झेंडावंदन झालं, निकाल वाटले, फोटो निघाले. बाईंना शाल आणि श्रीफळ मिळालं. ती शाल मागच्या सत्काराचीच होती असं काही जण म्हणतात. मी ओळखली नाही. फोटोत पिंप मधोमध आहे, बाई एका बाजूला आहेत आणि वहिनी झाकण धरून उभी आहे.

तेव्हा तुमच्या वर्गाच्या वहिनीचा मेसेज आला असेल तर वाद न घालता शंभर रुपये देऊन टाका. नाहीतर पुढच्या वर्षी वर्गणी गोळा करायचं काम तुमच्याच गळ्यात पडेल, आणि दारोदार ‘द्या की ओ भाऊजी’ म्हणणं सोपं नाही.